रॉकेटला पायडल नसतं

आमच्या केंद्रात अभियंते गाडीने यायचे आणि कारकून बसने. सायकलने येणारा माणूस एकच, आणि तो अभियंता होता. फाटकावरचा पहारेकरी प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचा आणि सायकलवरच्या या गृहस्थांना बघून नुसता हसायचा. उजव्या पायाला पँटवर कपडे वाळत घालायचा चिमटा, हँडलला अडकवलेला डबा आणि घामाने पाठीला चिकटलेला शर्ट. सगळे त्यांना सायकलराव म्हणायचे. कागदोपत्री त्यांचं खरं नाव मीच टाइप करायची, तरी माझ्याही तोंडात सायकलरावच बसलं होतं.

मी तिथे लघुलेखिका होते. बैठकांत कोण काय बोललं ते रेघोट्यांत उतरवायचं आणि मग टाइपरायटरवर चढवायचं, हे माझं काम. रॉकेटमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. इतर अभियंते मसुदा टेबलावर टाकून निघून जायचे. सायकलराव मात्र समोरची खुर्ची ओढून बसायचे. एक कारण म्हणजे त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही. आणि दुसरं, त्यांना समजावून सांगायची खाज होती.

"बाई, सायकलने चढ चढलाय कधी?"

"लहानपणी."

"मग झालं. जमिनीवरून उठताना रॉकेट सगळ्यात जड असतं. तेव्हा वेग नको, जोर हवा. म्हणजे चढाचा गिअर. इंधन जळून अंग हलकं झालं, हवा विरळ झाली, की वेगाचं इंजिन. म्हणजे सपाटीचा गिअर. फरक एवढाच, की सायकल आपला गिअर टाकून देत नाही. रॉकेट म्हणजे अशी सायकल, की चढ संपल्यावर मागचं चाक काढून दरीत फेकायचं आणि उरलेल्या चाकावर पुढे जायचं. वर पुन्हा मागे वळून बघायचं नाही!"

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी म्हणायचं, "अहो, रॉकेटला गिअर नसतात."

"बरोबर आहे. पायडलही नसतं. घंटीसुद्धा नसते, म्हणून तर बिचारं एवढा आवाज करत जातं."

मी हसायची. आमच्या खोलीतले सगळेच हसायचे. मग ते उठून, चिमटा पुन्हा नीट लावून, दहाच्या ठोक्याला आपल्या विभागात जायचे. त्या माणसाचा कुणाशी वाकडा शब्द झालेला मी ऐकला नाही.

ज्या उड्डाणाची ही गोष्ट, त्याच्या तयारीला सहा वर्षं लागली होती. चार महिने उरले असताना सायकलरावांनी माझ्याकडे दीड पानाचं एक टिपण आणून दिलं आणि नेहमीप्रमाणे समजावलंही.

"खालचं इंजिन बंद केलं म्हणजे ते लगेच मरत नाही, बाई. काही क्षण धुगधुगत राहतं. तेवढ्यात दोन भागांमधला जोड सोडला, तर खालचा भाग वरच्या भागाला मागून ढुशी देतो. गिअर बदलताना आपण पाय क्षणभर हलका करतो की नाही? जोर लावत बदलला तर चेन पडते. तसंच हे. मी म्हणतो, पाच सेकंद थांबा. मग सोडा."

टिपणात अर्थातच सायकलचा उल्लेख नव्हता. आकडे होते, आलेख होता आणि शेवटी 'किमान पाच सेकंद' याखाली रेघ होती. ती रेघ मी टाइपरायटरवर दोनदा मारली.

प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, त्यांना दोन सेकंद हवे होते. थांबण्याच्या काळात रॉकेट जोर न लावता वर जात असतं आणि तेवढा वेग गमावत असतं. तीन सेकंद वाचले तर वर थोडं जास्त वजन नेता येत होतं. आणि साहेबांनी एक जादा कॅमेरा नेण्याचा शब्द वरच्यांना देऊन टाकला होता.

त्या बैठकीला मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. दहा अभियंते होते. सायकलरावांनी आपली बाजू मांडली, चांगला अर्धा तास मांडली. साहेबांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी चष्मा काढून पुसत म्हणाले, "ही सायकल नाही हो."

सगळे खो खो हसले. सायकलरावही हसले. मला वाटतं तिथेच ते हरले. स्वतःच्या विनोदावर दुसऱ्याने त्यांनाच हसवलं होतं.

'सर्वानुमते दोन सेकंद' असा ठराव मी टाइप करून आणला. कागद एकेकापुढे सरकत गेला. सायकलरावांपाशी थांबला. जेवणाची वेळ टळत चालली होती, दोघेजण उभेच राहिले होते. सायकलरावांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"काही अडचण?" साहेबांनी विचारलं.

"माझं टिपण जोडाल ना सोबत?"

"जोडू की. का नाही जोडणार?"

आणि त्यांनी सही केली. कुणी हात धरला नव्हता, कुणी दमही दिला नव्हता. सही सरळ, ठसठशीत होती. त्यांच्या अक्षरात तेवढंच काय ते वाचता यायचं.

उड्डाण सकाळी नऊला होतं. आम्हा कार्यालयीन लोकांना मोठ्या सभागृहाच्या मागच्या भागात उभं राहायला परवानगी होती. भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वर चढत होती. जोड सुटल्याची घोषणा झाली, टाळ्या सुरू झाल्या, आणि ती रेघ वाकली. लिहिताना कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून पेन घसरावं तशी. टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले. पुढच्या रांगेत उपग्रहाच्या विभागातल्या एक बाई होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, घडी उलगडली आणि परत पर्समध्ये ठेवून दिला. सायकलराव भिंतीला टेकून उभे होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

चौकशी समिती नेमली गेली. तीन जण. अध्यक्ष बाहेरचे, निवृत्त प्रशासक, स्वभावाने मोकळे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला तुमचं शास्त्र कळत नाही. मला समजेल असं जो सांगेल त्याचं मी ऐकेन." पाच दिवस लोकांनी तक्ते दाखवले. सहाव्या दिवशी सायकलरावांची पाळी आली आणि ते सायकल घेऊन आले. दोन मजले खांद्यावर उचलून. कॉरिडॉरमध्ये लोक खोल्यांतून बाहेर येऊन बघत होते.

त्यांनी समितीच्या चकाकत्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि सायकल उलटी करून, सीट आणि हँडलवर, उभी केली. हाताने पायडल फिरवलं. चाक सूं सूं करायला लागलं.

"आता बघा हं. जोर काढला, गिअर बदलला." खट. चेन शहाण्यासारखी दुसऱ्या चक्रावर गेली. "आता दुसऱ्या हाताने चाक दाबून धरतो, म्हणजे ओझं आलं. जोर लावूनच बदलतो." खर्रर्र. चेन पडली आणि लोंबकळायला लागली.

अध्यक्षांना राहवेना. कोट काढला, बाह्या सारल्या आणि स्वतः दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी चेन त्यांनीच बसवली. हात काळे झाले, तेही वर्तमानपत्राला पुसले. "आत्ता कळलं बघा! पाच दिवस डोकं खाल्लं या लोकांनी माझं!" खोलीत हशा पिकला. मीसुद्धा वहीतून डोकं वर काढून हसले.

सायकलराव जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "झालं, बाई. कळलं त्यांना." त्यांचा चेहरा निकाल लागलेल्या पोरासारखा झाला होता.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी मला अहवाल सांगायला घेतला. ते येरझाऱ्या घालत सांगत होते, मी लिहीत होते. एका वाक्यापाशी माझी पेन्सिल अडखळली. ते वाक्य मला आजही पाठ आहे. 'दोन भाग विलग करण्यातील ही बाब सायकलच्या गिअरइतकी प्राथमिक असल्याचे संबंधित अभियंत्याने समितीसमोर स्वतः प्रात्यक्षिकासह दाखवून दिले. इतकी प्राथमिक बाब ज्ञात असूनही त्याने दोन सेकंदांच्या ठरावावर स्वाक्षरी केली, हे अक्षम्य आहे.'

"काय झालं, बाई? भरभर बोलतोय का मी?"

"नाही सर."

"लिहा मग."

त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. सायकलरावांनी ती गोष्ट इतकी सोपी करून सांगितली होती, की ती चूक न टाळणारा माणूस त्यांना गुन्हेगारच वाटला. शिवाय त्यांच्यापुढे ठराव होता. टिपण त्यांनी शेवटी बघायचं म्हणून परिशिष्टांत ठेवलं होतं.

ते परिशिष्ट सात होतं. अहवाल बांधायला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, साहेब माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते बोलावून घ्यायचे.

"बाई, परिशिष्टं फार झालीत. सात काढा. हवामानाचे तक्ते वर घ्या."

"सात म्हणजे ते टिपण ना, साहेब?"

"हो. मुख्य अहवालात आलंय ते सगळं."

आलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, पण त्याचं त्यांनी नावही काढलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी म्हटलं नाही. मी आठचा आकडा खोडून सात केला. टिपणाची कार्बन प्रत मात्र फाडवेना. ती मी खालच्या खणात, जुन्या रिबिनींच्या डब्याखाली सरकवून दिली. त्याने माझ्या मनाला थोडं बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. तेवढ्याचसाठी ठेवली असेल.

सायकलरावांना कामावरून काढलं नाही. त्यांना फाटकाजवळच्या प्रेक्षक दालनात नेमलं. शाळांच्या सहली यायच्या, त्यांना लाकडी रॉकेटपुढे उभं करून माहिती सांगायची. वर्तमानपत्रांत त्यांचं नाव छापून आलं होतं. त्यांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेत तिला मुलं विचारायची, "तुझ्या बाबांनी रॉकेट पाडलं ना गं?"

त्यांनी सायकल सोडली. बसने यायला लागले, माझ्याच बसने. आम्ही पुढेमागे बसायचो. "कसं चाललंय?" "चाललंय." एवढंच. दालनात ते सायकलचं नाव काढत नाहीत, असं मी ऐकलं. पाठ केल्यासारखं सांगतात, लांबी इतकी, वजन इतकं, पुढे चला. तिथल्या अभिप्रायवहीत एका शिक्षकाने लिहिलं होतं, 'माहिती चांगली. सांगणारे गृहस्थ कंटाळवाणे.' ती वही महिन्याच्या महिन्याला टाइप करायला माझ्याकडेच यायची.

पुढच्या उड्डाणात पाच सेकंद थांबले. ते नीट पार पडलं. ठरावात त्याला 'प्रकल्पप्रमुखांनी सुचवलेली सुधारणा' असं नाव मिळालं. तोही मीच टाइप केला. आणि मग साहेब व्याख्यानं द्यायला लागले. एकदा गावातल्या नाट्यगृहात आम्हा सगळ्यांना हजेरी लावायला सांगितलं होतं. मंचावर लालभडक नवी सायकल उभी होती. साहेब म्हणाले, "रॉकेट म्हणजे काय? सायकल!" लोक हसले. मग चढाचा गिअर आला, सपाटीचा आला, दरीत फेकलेलं चाक आलं. "एके सकाळी सायकल चालवताना मला हे सुचलं," साहेब म्हणाले. वीस वर्षांत त्यांना कुणी सायकलवर पाहिलं नव्हतं. घंटीचा विनोदही त्यांनी केला. तो त्यांना नीट जमला नाही, पण टाळ्या मिळाल्या.

बाहेर पडताना पायऱ्यांवर सायकलराव भेटले. म्हणाले, "सीट फार वर ठेवली होती हो त्यांनी. त्यांच्या उंचीला चालायची नाही." आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्या अहवालाला नऊ वर्षं झाली. तोवर साहेब सन्मानाने निवृत्त झाले आणि वर्षभराने मीही. शेवटच्या दिवशी खण रिकामे करताना डब्याखालून ती कार्बन प्रत निघाली. निळी अक्षरं फिकट झाली होती, पण दोनदा मारलेली रेघ स्पष्ट होती. मी ती लिफाफ्यात घातली आणि फाटकाबाहेर पडण्याआधी दालनात गेले.

सहल नुकतीच गेली होती. सायकलराव फडक्याने लाकडी रॉकेटवरचे बोटांचे ठसे पुसत होते. केस पार पांढरे. मी लिफाफा दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचलं.

"हे कुठे होतं?"

"माझ्याकडे."

"घरी?"

"नाही. ऑफिसात. खणात."

"म्हणजे इथून तिसरी इमारत." त्यांनी खिडकीतून तिकडे पाहिलं. "आणि आपण एका बसने येत होतो."

"साहेबांनी काढायला सांगितलं होतं. मी घाबरले. माझं चुकलं, सायकलराव."

मला वाटलं होतं ते 'जाऊ द्या बाई' म्हणतील. नऊ वर्षं मी मनातल्या मनात हा प्रसंग रंगवला होता आणि दर वेळी ते तसंच म्हणायचे. त्यांनी कागदाची घडी घातली.

"सही माझी होती. ती काही तुम्ही टाइप केली नव्हती," ते म्हणाले. "पण मी हे लिहिलंच नव्हतं की काय, असं मला हल्ली वाटायला लागलं होतं. लिहिलं असेन, पण पाच म्हटलं नसेन. तीन म्हटलं असेन. माणूस स्वतःला किती गोष्टी सांगतो." मग दार उघडून धरलं. "निघा तुम्ही. बस चुकेल."

त्यांनी तो कागद रीतसर अर्ज करून केंद्राला सादर केला. दीड महिन्याने उत्तर आलं: परिशिष्ट सात हे हवामानाचे तक्ते असून सदर कागद अभिलेखाचा भाग नाही, तो आपल्या ताब्यात कसा आला याचा खुलासा करावा. ते कळल्यावर मी स्वतः निवेदन लिहून दिलं. कुणी सांगितलं, मी काय केलं, कधी केलं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाचा मजकूर टाइप केला. मलाही उत्तर आलं: निवेदन नोंदीसाठी ठेवण्यात आले आहे. ना कुणाला बोलावणं, ना कुणाला विचारणं. साहेबांची व्याख्यानं चालूच होती.

महिन्याभराने, एका दुपारी, माझ्या दाराची बेल वाजली. सायकलरावांच्या पत्नी होत्या. मी त्यांना दोनतीनदाच पाहिलं होतं.

"या ना वहिनी, बसा."

"बसायला नाही आले." त्या उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही तो कागद त्यांना का दिलात?"

"त्यांचा होता तो."

"तेव्हा त्यांचा होता. तेव्हा दिला असता तर आम्ही लढलो असतो. आता कशाला दिलात? स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "नऊ वर्षं घालवून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की चूक आपलीच. जेवत होते, झोपत होते. आता दिवसभर अर्ज लिहितात. माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीला ते पाच सेकंद समजावून सांगतात. दालनातही परवा मुलांवर ओरडले."

मी पाणी आणलं. त्यांनी पेला हातात घेतला नाही.

"एक काम करा," त्या म्हणाल्या. "मुलीला सांगा. तिने तो अहवाल मोठी झाल्यावर सगळा वाचला. तेव्हापासून ती त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. लग्न ठरवताना सासरी सांगितलं, बाबा ग्रंथालयात आहेत म्हणून. माझं तिला खोटं वाटतं, मी बायको ना! तुमचं खरं वाटेल. फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी नंबर सांगितला. मी लावला. मी कोण ते सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, टिपण, परिशिष्ट, साहेब, माझा खण. मधे काही गाळलं नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता. तो तिने बंद केला नाही.

"बरं झालं सांगितलंत. थँक यू हं, काकू," ती म्हणाली. चुकून लागलेल्या फोनवर लोक बोलतात तसा आवाज होता. आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली. पायात चपला सरकवल्या, पिशवी काखेला लावली आणि एक हात भिंतीला धरून सावकाश जिना उतरून गेल्या.